सागरी संवर्धनाचं धोरण निव्वळ विज्ञानावर ठरवता येईल का?

नाही. अमुक इतके मासे पकडले तर साठा कोसळण्याची शक्यता किती, हे विज्ञान सांगू शकतं. त्यातला किती धोका पत्करायचा आणि त्याची झळ कोणी सोसायची, हे मात्र माणसांनाच ठरवावं लागतं.

व्हेलचंच बघा. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं. बंदी १९८६ पासून लागू झाली. पुढे आयोगाच्याच वैज्ञानिक समितीने सावधपणे कोटा ठरवण्याची पद्धत बनवली, आयोगाने ती १९९४ मध्ये मान्यही केली. तरी बंदी उठली नाही! कारण भांडण आकड्यांचं उरलंच नव्हतं. काही देशांना व्हेल मारणंच मुळात अमान्य, तर जपान आणि नॉर्वेच्या लेखी ती इतर मासेमारीसारखीच. अखेर २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला.

यात मूल्यं आली म्हणून माझी तक्रार नाही. ती 'शास्त्रीय निष्कर्ष' म्हणून खपवली जातात, ते खटकतं. २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित करायचं २०२२ चं जागतिक लक्ष्य घ्या: संरक्षण वाढवायला शास्त्रीय आधार भक्कम आहे, पण कुठला किनारा बंद करायचा आणि तिथल्या मच्छीमारांना काय द्यायचं, हे प्रयोगशाळेत ठरत नाही.