एलटीपी हा तुमचा भाव नव्हे

८०० शेअर, स्क्रीनवर १४२.३०, खरेदी पडली सरासरी १४५.२७ ला, आणि ब्रोकर म्हणतो "आमची चूक नाही". तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं, याच प्रकारात माझेही पैसे गेलेत. दुर्दैवाने ब्रोकर खरं बोलतोय. १४२.३० हा झालेल्या शेवटच्या सौद्याचा भाव, म्हणजे एलटीपी (लास्ट ट्रेडेड प्राइस). पुढे विकणारे किती उभे आहेत, हे तो सांगत नाही. समजा रांग अशी होती: १४२.३० ला ६०, १४२.६० ला ४०, १४३.५० ला १५०, १४५ ला २००, १४७ ला ३५०. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घ्या, अशी ऑर्डर) ही सगळी रांग खाते आणि सरासरी १४५.२७ पडते. २,३७७ रुपये गेले, आणि आपण भांडतो २० रुपये ब्रोकरेजवर!

लिमिट लावा, म्हणजे या भावाच्या वर घेणार नाही असं ठरवून द्या, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. खरा घात होतो तो लिमिट अर्धवट भरल्यावर. ३०० मिळाले, भाव वर सरकला, जीव खालीवर झाला, आणि उरलेल्या ५०० ची ऑर्डर मॉडिफाय करून 'मार्केट' केली. स्वस्तातले विक्रेते तुम्हीच आधी संपवलेले असतात, उरतात ते महागडे. त्यापेक्षा लिमिट थोडी वाढवून आयओसी (इमिजिएट ऑर कॅन्सल) ऑर्डर टाका: त्या भावापर्यंत जेवढे मिळतील तेवढे मिळतात, बाकीची ऑर्डर तिथल्या तिथे रद्द होते. मग दहा मिनिटं थांबा, विक्रेते परत येतात. (नेहमी नाही. बातमी असेल तर येत नाहीत.)

एकाच भावाला थांबलेल्या ऑर्डरींच्या रांगेचंही गणित आहे. भाव बदलला किंवा संख्या वाढवली की तुम्ही मागे जाता, संख्या कमी केली तर जागा टिकते. म्हणून सारखं मॉडिफाय करत बसू नका.

रात्री, बाजार बंद असताना, आफ्टर मार्केट ऑर्डर 'मार्केट'मध्ये टाकून झोपणं, तेही पातळ (कमी सौदे होणाऱ्या) शेअरमध्ये, मला तरी मूर्खपणा वाटतो. सकाळी प्री-ओपनमध्ये (बाजार उघडण्याआधीच्या सत्रात) जो एक भाव ठरेल तो तुमच्या माथी. ९:१५ नंतरची पहिली १५ मिनिटंही अशा शेअरसाठी वाईटच.

तोटा आवरायला लावलेल्या विक्रीच्या स्टॉप लॉसमध्ये ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याच्या खाली ती विकत नाही) दोन्ही १३० ठेवणारे पुष्कळ. सकाळी थेट १२७ ला उघडला की ऑर्डर जागी होते आणि नुसती लटकते. लिमिट ट्रिगरपेक्षा एक-दोन टक्के खाली ठेवा. मोठ्या गॅपला (भाव एकदम बराच खाली उघडला तर) तेही पुरत नाही, हे धरून चाला.

तक्रारीबद्दल: ज्या कस्टमर केअरशी माझी गाठ पडली, तिथे प्रत्येक मेलला तेच छापील उत्तर, "ऑर्डर एक्स्चेंजच्या नियमानुसार पूर्ण झाली". म्हणून आधी ब्रोकरने पाठवलेली कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा. प्रत्येक सौद्याची वेळ, संख्या, भाव त्यात असतो. एकाच सेकंदात चढत्या भावाने तुकडे पडले असतील तर ती रांगच होती, वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही लावलेल्या लिमिटच्या वरचा सौदा दिसला तरच बाजार नियामक सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जा.

जाता जाता, ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) घेत असाल तर भावाशेजारी आय-एनएव्ही (फंडातल्या मालमत्तेचं चालू अंदाजे मूल्य) बघा. परदेशी निर्देशांकांचे ईटीएफ कधीकधी बऱ्याच प्रीमियमवर (त्या मूल्यापेक्षा महाग) असतात, तिथे लिमिट लावूनही महागच पडतं.

मी सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही, पैसे तुमचे, निर्णय तुमचा. एक सांगा, हा शेअर बीएसईवर घेतला की एनएसईवर? दोन्हीकडची डेप्थ (कुठल्या भावाला किती ऑर्डरी उभ्या आहेत) पाहिली होती का?