ख्रिस्ती अध्यात्मात ओढीला, तळमळीला जागा आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, ख्रिस्ती माणसाने देवासाठी झुरावं, वेडं व्हावं असं आपल्या धर्मात काही आहे का, की सगळा भर आज्ञा पाळण्यावर आणि मनाला लगाम घालण्यावरच आहे. दुसरी, पूर्वी प्रार्थनेला बसलं की तुमचे डोळे भरून यायचे, आता बरेच महिने आत काही हलत नाही, तर विश्वास आटला असं समजायचं का. मी नगरच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले, तिथेच संडे स्कूल घेते. सेमिनरीत शिकलेली नाही. पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पहिल्याचं उत्तर: जागा आहे, आणि थोडीथोडकी नाही.

बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. मुलांकडून आम्ही २३वं स्तोत्र पाठ करून घेतो. हिरवी कुरणं, संथ पाणी, भरून वाहणारा प्याला. मुलांना ते आवडतं, आवडावंच. ४२वं मात्र सहसा कुणी पाठ करून घेत नाही. त्याची सुरुवातच पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरिणीने होते. हे गाणारा माणूस मंदिरापासून लांब, यार्देन आणि हर्मोनच्या मुलखात अडकून पडलाय. सणाच्या दिवशी गर्दीबरोबर गात-गर्जत देवाच्या घराकडे जायचो हे त्याला आठवतं आणि पोटात तुटतं. रात्रंदिवस आसवं हेच त्याचं अन्न झालंय, आणि लोक येता-जाता विचारताहेत, कुठाय तुझा देव? ४२ आणि ४३ ही बहुधा मुळात एकच रचना, कारण दोन्हींत मिळून एकच पालुपद तीनदा येतं: जिवा, तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळतोस, देवाची आशा धर. तीनदा सांगावं लागलं, म्हणजे आधीच्या दोन खेपांना जिवाची समजूत पटलेली नाही. आणि गाणं संपतं तेव्हाही हा माणूस मंदिरात पोचलेला नसतो. तरी वर शीर्षकात लिहिलंय, मुख्य गवयासाठी. म्हणजे ही कासाविशी उपासनेत, सगळ्यांनी मिळून गायची आहे.

गीतरत्न हे बायबलमधलं प्रेमकाव्य तर त्याहून धीट. पाचव्या अध्यायात ती रात्री त्याला शोधत नगरात हिंडते, पहारेकरी तिला मारतात, अंगावरचं वस्त्र हिसकावून घेतात, आणि तशा अवस्थेत ती यरुशलेमेच्या मुलींना म्हणते, तो भेटला तर त्याला सांगा, मी प्रेमाने आजारी झाले आहे. या पुस्तकावर आपल्या मंडळ्यांत उपदेश जवळपास होतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठात बर्नार्डने ११३५च्या सुमाराला गीतरत्नावर प्रवचनं लिहायला घेतली. ११५३ मध्ये तो वारला तेव्हा ८६ प्रवचनं झाली होती आणि तिसरा अध्याय जेमतेम सुरू झाला होता. त्यातलं २६वं जरूर मिळवून वाचा. तो एका ओवीचं निरूपण करतोय आणि मध्येच थांबतो. त्याचा सख्खा भाऊ जेरार्ड, त्याच मठातला, नुकताच गेलेला. दफनाच्या वेळी बर्नार्ड रडला नव्हता. इथे त्याला आवरत नाही, आणि पुढचं जवळजवळ सगळं प्रवचन म्हणजे भावासाठी केलेला आक्रोश आहे. देवावरच्या प्रेमाचं निरूपण आणि भावासाठीचं रडणं त्याने एकमेकांपासून तोडलं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

मग ओढीबद्दल तुम्हाला जो संशय शिकवला गेला तो आला कुठून? तोही खोटा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी मनाचा बारकाईने अभ्यास केला. इव्हाग्रियसने आठ दुष्ट विचारांची यादी केली: खादाडपणा, काम, लोभ, खिन्नता, राग, साधनेचा कंटाळा, मानाची हाव, गर्व. या विकारांपासून मन मोकळं व्हावं हा त्यांचा ध्यास. पण कशासाठी? इव्हाग्रियस म्हणतो, त्या निर्विकारतेच्या पोटी प्रीती जन्माला येते. आपल्या उपदेशांत विकार मारण्याचा भाग पोचला, आणि तो ज्या प्रीतीसाठी होता ती वाटेत राहून गेली.

ओढ मारायची नसते, ती कुठे नेते ते बघायचं असतं. हे सगळ्यात नेमकं पाहिलं इग्नेशियस लोयोलाने. हा स्पेनमधला दरबारी लढवय्या. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी पडून असताना त्याने वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं दिली गेली. मग तो तासन् तास मनोराज्य करायचा. कधी एका मोठ्या घरच्या बाईसाठी काय पराक्रम करीन याचं, कधी फ्रान्सिस आणि डॉमिनिक या संतांसारखं आपणही का करू नये याचं. दोन्हींत तो सारखाच रंगायचा. फरक नंतर पडायचा: पहिलं संपलं की मन कोरडं, असमाधानी व्हायचं, दुसरं संपल्यावरही आनंद टिकायचा. एक दिवस हा फरक त्याच्या लक्षात आला आणि त्यातून पुढची सगळी साधना उभी राहिली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात प्रत्येक प्रार्थनेच्या सुरुवातीला एक पायरी ठरलेली आहे: मला काय हवंय ते देवाकडे मागायचं. इच्छा बाजूला ठेवून या, असं तो सांगत नाही. ती घेऊनच बसा म्हणतो.

आता एक गोष्ट, जी कळल्यावर माझं बरंच कोडं सुटलं. आपल्याला वाटतं, देव भेटला की तहान भागेल. न्यिसाचा ग्रेगरी, हा बिशपही चौथ्या शतकातलाच, मोशेच्या चरित्रावर लिहिताना उलट सांगतो: देवाला पाहण्याची इच्छा कधीच न भागणं, हेच त्याला खरोखर पाहणं. मोशे झुडपातला अग्नी पाहतो, ढगात शिरतो, देवाशी मित्रासारखा बोलतो, आणि तरी म्हणतो, मला तुझं वैभव दाखव. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी हे अनुभवलं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवा करार त्यांच्या हाती आला होता तो आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाकडून, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं ते कायमचं. तुकोबांची भाषा ते ख्रिस्ताकडे घेऊन आले. त्यांच्या एका अभंगाचा भावच असा की प्रभो, तू जितका लाभतोस तितका मी तुझ्यासाठी अधिक झुरतो. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, १९१७ मध्ये, या माणसाने मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. वय उतरणीला लागलेलं, प्रकृती नाजूक. वयाबरोबर ओढ निवायला हवी होती, ती वाढत गेली.

उत्तर आफ्रिकेतला जुना बिशप ऑगस्टीन याने यावर एक साधा दाखला दिलाय. पिशवीत पुष्कळ काही भरायचंय आणि पिशवी तोकडी आहे, तर आधी ती ताणून मोठी करावी लागते. देव भेट लांबवतो तेव्हा तो इच्छा ताणत असतो. योहानाच्या पहिल्या पत्रावर बोलताना त्याने हे सांगितलं, आणि त्याच ठिकाणी हेही की चांगल्या ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्य म्हणजे एक पवित्र इच्छा.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

१५७७च्या डिसेंबरमध्ये स्पेनमध्ये योहान नावाच्या, कार्मेल या संन्यासी संघातल्या एका संन्याशाला, पुढे ज्याला क्रूसभक्त योहान म्हणू लागले, त्याच्याच संघातल्या सुधारणाविरोधी लोकांनी पकडून टोलेडोच्या मठात कोंडलं. खोली म्हणजे अडगळीची जागा, उजेडाला खूप उंचावर एक फट. प्रार्थनेचं पुस्तक वाचायला तो उजेड येईल तेव्हा बाकावर चढून उभा राहायचा. चाबकाचे फटके, पाव आणि पाणी, टोलेडोची थंडी, मग टोलेडोचा उन्हाळा. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी गात असलेलं ‘प्रेमाने मरतोय, काय करू’ असं साधं प्रेमगीत त्याच्या कानावर आलं आणि तो हलून गेला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. त्या कोठडीत त्याने जे काव्य रचलं त्याची पहिलीच ओळ विचारते, प्रिया, मला कण्हत टाकून तू कुठे लपलास? ४२व्या स्तोत्रात तहानलेलं हरीण म्हणजे आपला जीव. इथे हरीण तो आहे. घायाळ करून पळून गेलाय आणि जीव हाका मारत मागे धावतोय. १५७८च्या ऑगस्टमध्ये पांघरुणाच्या पट्ट्यांचा दोर करून योहान निसटला.

म्हणून पुढे त्याने प्रार्थनेतल्या कोरडेपणाबद्दल जे लिहिलं त्याला मी वजन देते. नवख्या भक्तांचे दोष सांगताना तो खादाडपणाही सांगतो. पोटाचा नव्हे, प्रार्थनेतल्या गोडव्याचा. गोडवा मिळाला नाही तर आपण काही केलंच नाही असं या लोकांना वाटतं. देव तो गोडवा काढून घेतो तेव्हा तो रागावलेला नसतो. आपण गोडव्याला धरून बसलो होतो की त्याला, हे त्या अंधारात उलगडतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. काही दशकं त्यांना आत देवाची जाणीवच होत नव्हती, आणि त्या कोलकात्यात रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या, मग मरणाऱ्यांकडे जात होत्या. त्यांचा विश्वास आटला होता असं कोण म्हणेल?

तुम्ही लिहिलंय की पूर्वीचे ते अश्रू आठवून तुम्हाला हळहळ वाटते. ऑगस्टीन एका स्तोत्रावर बोलताना म्हणतो, तुझी इच्छा हीच तुझी प्रार्थना. इच्छा अखंड असेल तर प्रार्थनाही अखंड. तुमची ती हळहळ मी प्रार्थनेतच धरते.

अश्रूंबद्दलही थोडं बोलायला हवं. आपल्या काही सभांत कीबोर्डचा सूर हळूहळू चढवत नेतात, दिवे मंद करतात, आणि रडू आलं की आत्मा आला असं समजतात. मला हे पटत नाही. पण रडणाऱ्यांना हिणवणंही पटत नाही. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मुली मोठमोठ्याने रडत, एकदम सगळ्या मिळून प्रार्थना करू लागल्या तेव्हा बाहेर नाकं मुरडली गेली. रमाबाईंनी त्या मुलींना गप्प केलं नाही. त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा जेवत होत्या, विणकाम शिकत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणत होत्या. १९२२ मध्ये वारल्या त्या ते काम पुरं करूनच. रडणं खरं होतं की नाही हे मी या कामावरून ओळखते. आविलाची तेरेजा, योहानाच्याच संघातली संन्यासिनी, हेच खडसावून सांगते. १५७७च्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे योहानाला धरून नेलं त्याच्या काही दिवस आधी, तिने जे पुस्तक पुरं केलं त्यात ती आपल्या भगिनींना म्हणते: काही जणी प्रार्थनेत इतक्या गढतात की हललं तर भाव जाईल म्हणून हलत नाहीत. असं नको. आजारी बहिणीला तुझी गरज असेल तर तो भाव खुशाल जाऊ दे आणि तिच्याकडे जा.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने हीच मुळाची. आपण ओढीबद्दल बोलतो ते नेहमी आपल्या बाजूने. लूकच्या २२व्या अध्यायात येशू जेवायला बसल्यावर शिष्यांना सांगतो, दुःख भोगण्याआधी हे वल्हांडणाचं जेवण तुमच्याबरोबर करावं अशी मला फार उत्कंठा होती. त्या पंक्तीत नाकारणारा पेत्र होता, धरून देणारा यहूदा होता. आणि गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत आपण येशूचे क्रूसावरचे सात उद्गार ऐकतो, त्यातला पाचवा: मला तहान लागली आहे. मदर तेरेसांच्या संघाच्या प्रत्येक प्रार्थनागृहात क्रूसाशेजारी हे शब्द लिहिलेले असतात. प्रभुभोजनाला पुढे जाताना मी आधी हे आठवते, की माझ्या आधी त्याला माझी ओढ आहे. मग त्या दिवशी मला काही वाटलं नाही तरी मी घाबरत नाही.

आता करायचं काय. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तो आजार असू शकतो, त्यात विश्वासाचा कमीपणा नाही. तसं नसेल तर इग्नेशियसचे दोन नियम धरा. कोरड्या काळात आधी ठरलेलं काही बदलायचं नाही. उपासनेला जाणं थांबवावं असं मनात येत असेल तर तो निर्णय आत्ता घेऊ नका. आणि प्रार्थनेचा जो वेळ ठरलाय त्याहून थोडा जास्तच वेळ बसायचं. त्या वेळात ४२ आणि ४३ सलग, मोठ्याने वाचा. पालुपद येईल तिथे घाई करू नका.