लेझरची तारीख आधी रद्द करा

(एका वडिलांचं पत्र: अठरा वर्षांचा मुलगा एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) लेखी परीक्षा पास झाला, एसएसबीत (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचणीत) रेकमेंड झाला, म्हणजे त्याची शिफारस झाली. लष्कराच्या मेडिकलमध्ये मात्र मायोपियामुळे (लांबचं धूसर दिसणं) पर्मनंट रिजेक्ट. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे 3. वडिलांनी लेझर ऑपरेशनची तारीख घेतली आहे. अमेरिकेतल्या अकादमीत देतात तशी मेडिकल सूट इथे कोणाकडे मागायची, असं ते विचारतात.)

सप्रेम नमस्कार,

आधी लेझरची तारीख रद्द करा. लष्करासाठी एनडीएला लेझर केलेला डोळा चालतच नाही. पदवीनंतरच्या प्रवेशांना चालतो, पण ऑपरेशन वयाची 20 वर्षं पूर्ण झाल्यावर केलेलं हवं आणि त्यानंतर 12 महिने गेलेले हवेत. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी 450 मायक्रॉनपेक्षा कमी नको, डोळ्याची लांबी 26 मिलिमीटरच्या आत हवी, उरलेला नंबर 1 च्या आत. आत्ता घाईने ऑपरेशन केलंत, तर तीन वर्षांनी मिळू शकणारी संधी तुम्हीच घालवाल. शिवाय पदवीनंतर लष्करात उणे 3.5 पर्यंत मायोपिया चालतो. नंबर इथेच थांबला तर कदाचित लेझरची गरजही पडणार नाही.

मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या पानाची. ‘मोबाइल बघून डोळे घालवलेस’ असं तुम्ही त्याला पाहुण्यांसमोर सुनावलंत. तुम्ही स्वतः शाळेपासून चष्मा लावता, असंही त्याच पत्रात लिहिलंय. मायोपियात डोळ्याचा गोळा लांबत जातो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ‘रेकमेंड झालो, ते कुणी काढून घेऊ शकत नाही’ हे त्याचं वाक्य तुम्हाला उद्धटपणाचं वाटलं. मला ते पत्रातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटलं. एसएसबीचे पाच दिवस, मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटाची कामं, मुलाखत, शेवटी कॉन्फरन्स, हे सगळं पार करून अधिकारी होण्याची पात्रता त्याने सिद्ध केली. नापास झाला तो डोळ्याचा एक आकडा. पोरगा जेवायला बाहेर येत नाही म्हणता, तर त्याच्यापाशी जाऊन बसा आणि त्या पाच दिवसांत काय झालं ते विचारा. ऑपरेशनचं नाव काढू नका.

आता मेडिकल सूट मागण्याबद्दल. अमेरिकेतही कुटुंबाने अर्ज करून सूट मिळत नाही. तिथलं वैद्यकीय मंडळ उमेदवाराला अपात्र ठरवतं आणि अकादमीला तो हवाच असेल तर ती स्वतः त्याच्यासाठी सूट काढते. आपल्याकडे तशी वाटच नाही. इथे आधी तपासणारं स्पेशल मेडिकल बोर्ड, त्यावर अपील, त्यावर रिव्ह्यू. पुढची दोन्ही बोर्डं पुन्हा मोजतात, नियम शिथिल करत नाहीत. रिव्ह्यू तर हक्कही नाही, प्रकरण बघून मंजूर होतो. आमदार-मंत्र्यांचं पत्र जोडायचा विचार असेल तर सोडून द्या. उमेदवारीसाठी वशिला लावणं यूपीएससी गैरवर्तन मानते.

अपीलला मुदत 42 दिवसांची असते, म्हणून याच आठवड्यात एक काम करा. सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात डोळ्यांत औषध घालून नंबर काढून घ्या. तरुण डोळ्याचे स्नायू ताणलेले राहिले तर नंबर खोटाच जास्त दिसतो, थेंबांनी ते सैल पडतात. तो कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर आधी काही दिवस बंद ठेवायला सांगा, कॉर्नियाचा आकार बदललेला असतो. एनडीएची मर्यादा उणे 2.5 आहे. थेंबांनंतर नंबर तिच्या आत आला तर कागद घेऊन अपीलला जा. थेंबांनंतरही उणे 3 निघाला, तर अपीलच्या खेपा नकोत.

पुढे सीडीएस, म्हणजे पदवीनंतरची अधिकारी भरतीची परीक्षा आहे, इंजिनीअर झाला तर टेक्निकल एंट्री आहे. पण त्याच्यासाठी मी एनसीसी स्पेशल एंट्री सुचवेन: ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने आणि पदवीला 50 टक्के असले की लेखी परीक्षा नाही, शॉर्टलिस्ट झाला की थेट एसएसबी. म्हणून प्रवेश घेताना त्या कॉलेजात एनसीसीचं युनिट आहे का, ते आधी बघा. आणि दर सहा महिन्यांनी नंबर तपासून तारखेसह लिहून ठेवा.