आधी प्रश्नावली, मग एसपीएसएस

प्रश्न: ताई, मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. प्रबंधासाठी ६०० घरांचं सर्वेक्षण करायचं आहे. समोर दोन कार्यशाळा आहेत. एक पाच दिवसांची, संपूर्ण एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. दुसरी दोन आठवड्यांची. तिच्यात नमुना निवड, प्रश्नावली, फील्डवर्क, डेटा व्यवस्थापन असं सगळं आहे आणि सॉफ्टवेअर फक्त शेवटचे तीन दिवस. सोबतचे सगळे म्हणतात, पहिली कर, माणूस अडतो तो विश्लेषणातच. काय करू? (मला ‘तू’च म्हणा.)
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर: दुसरी कर. विश्लेषणात अडतात हे खरंच आहे, पण बटण कुठलं दाबायचं ते माहीत नाही म्हणून अडलेलं कुणी माझ्याकडे फारसं येत नाही. येतात ते असा प्रश्न घेऊन: ‘शाळेतल्या शिक्षकांबद्दल आणि सोयींबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ उत्तर ‘नाही’. आता नाही म्हणजे कशाबद्दल? शिक्षक की सोयी? हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, आणि ६०० घरांची दारं पुन्हा वाजवायला ना वेळ उरलेला असतो ना पैसा.

प्रश्नाची नुसती मांडणी बदलली तरी काय होतं, याचा डोनाल्ड रग या संशोधकाचा एक प्रयोग १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत अर्ध्या लोकांना विचारलं, लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. उरलेल्या अर्ध्यांना विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? बंदी घाला म्हणणारे निघाले ४६ टक्के. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत व्यवहारात फरक काय? आकड्यात मात्र १६ टक्क्यांचा पडला. पाच दिवस मेनू शिकून आलेला माणूस या ६२ चा सुंदर रंगीत आलेख काढून देईल, इतकंच.

आता तुझ्या ६०० घरांकडे येते. ही घरं कुठून आणि कशी निवडणार, हे तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक जण करतात तसं ३० वस्त्या आणि प्रत्येक वस्तीत २० घरं असा बेत असेल, तर हा हिशेब बघ. एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. शिक्षण, उत्पन्न, पाण्याची सोय सारखीच, त्यामुळे विसाव्या घरातून नवीन माहिती थोडीच मिळते. मिशिगन विद्यापीठातल्या लेस्ली किश यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात याला ‘डिझाइन इफेक्ट’ म्हटलं. एका वस्तीतल्या घरांच्या संख्येतून एक वजा करायचा, त्याला त्या घरांच्या सारखेपणाच्या गुणांकाने गुणायचं आणि एक मिळवायचा. गुणांक ०.०५ धरला तर १९ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे १.९५. ६०० ला १.९५ ने भागलं की उरतात सुमारे ३०८. फिरशील ६०० घरी, पण अचूकता मिळेल ती ३०८ घरांच्या साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्याएवढी. त्याऐवजी ६० वस्त्या आणि प्रत्येकी १० घरं घेतलीस तर तोच आकडा साधारण ४१४ होतो. प्रवास वाढतो, हे मान्य. पण तो सौदा करायचा की नाही हे फील्डवर जाण्याआधी ठरवायचं असतं, आणि तुझ्या दुसऱ्या कार्यशाळेत त्यावर निदान एक दिवस तरी जाईल.

तरीही दुसरीचं वेळापत्रक मागवून घे. सगळेच ‘प्रत्यक्ष सराव’ लिहितात. मी बघते ते इतकंच की तुम्ही स्वतः लिहिलेली प्रश्नावली घेऊन अनोळखी माणसासमोर बसायला लावतात का, आणि परत आल्यावर तीच प्रश्नावली दुरुस्त करायला वेळ ठेवलाय का. दुसरं, सरावाला दिलेला डेटा कसा आहे? घासूनपुसून स्वच्छ फाइल देत असतील तर त्या सत्रात तू माउस चालवायला शिकशील. माझ्या सत्रात मी मुद्दाम खराब फाइल देते. तिच्यात बापापेक्षा वयाने मोठा मुलगा असतो, एकच घर क्रमांक दोनदा असतो, ‘वय सांगितलं नाही’साठी ९९ टाकलेला असतो. त्या ९९ मुळे एखाद्या वस्तीचं सरासरी वय भलतंच वर जातं आणि लोक त्यावर ‘वृद्धांचं प्रमाण लक्षणीय’ असं वाक्यही लिहून मोकळे होतात. दर वेळी कुणीतरी लिहितंच.

आणि जागा नाहीच मिळाली तर? मिशिगनच्या आयसीपीएसआर या संस्थेचे उन्हाळी वर्ग १९६३ पासून चालू आहेत, पण तिथे जायलाच हवं असं काही नाही. युरोपियन सोशल सर्व्हे किंवा वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे यांचा डेटा, प्रश्नावली आणि कोडबुक (कुठल्या कोडचा अर्थ काय, याची यादी) मोफत मिळतं. एखाद्या प्रसिद्ध अहवालातला एक तक्ता निवड आणि मूळ डेटावरून तोच तक्ता काढून बघ. वेट, म्हणजे नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांना त्यांच्या खऱ्या प्रमाणात आणणारा भार, लावायचं राहिलं तर आकडा जुळणार नाही. का जुळत नाही हे शोधण्यात पूर्ण आठवडा गेला तरी तो कार्यशाळेत घालवला असं समज.

प्रमाणपत्राचं म्हणशील तर, तोंडी परीक्षेत कुणी ते बघायला मागितल्याचं मला आठवत नाही.

प्रश्न: मी एका सामाजिक संस्थेत प्रकल्प सांभाळतो. तीन वर्षांच्या सर्वेक्षणांच्या फाइली पाच लॅपटॉपवर पसरल्या आहेत: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’. डेटा व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला एकालाच पाठवता येईल. संगणक सांभाळणाऱ्या मुलाला पाठवू की फील्ड समन्वयक बाईंना?
— एक प्रकल्प व्यवस्थापक

उत्तर: बाईंना पाठवा. रिकाम्या रकान्याचा अर्थ त्यांनाच माहीत आहे. उत्तर दिलं नाही, ‘माहीत नाही’ म्हणाले, प्रश्न लागूच नव्हता, की अन्वेषक विचारायला विसरला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना चार वेगळे कोड हवेत. संगणकवाला मुलगा त्या चारही ठिकाणी शून्य भरून फाइल नीटनेटकी करून देईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

त्या जाईपर्यंत एवढं करून ठेवा. फील्डवरून आलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा, तिला कुणीही हात लावायचा नाही. दुरुस्त्या हाताने रकान्यात टाइप न करता सिंटॅक्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायच्या लेखी आज्ञांमध्ये लिहा. आर असो, स्टाटा असो, एसपीएसएस असो, कुणी, कधी, काय बदललं ते दिसलं पाहिजे. नावात ‘फायनल’ नको, तारीख घाला. आणि घर क्रमांकाचा रकाना आधीपासून मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर एक्सेल ०४१२ चं ४१२ करून टाकतं आणि दोन वर्षांच्या फाइली एकमेकींना जोडताच येत नाहीत.

एक्सेलच्या नादाने मोठी माणसंही फसतात. २०२० मध्ये इंग्लंडात कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. पुढच्या ओळी गेल्याचं लगेच कुणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रश्न: नावं आणि फोन नंबर काढले की डेटा इतर संशोधकांना द्यायला हरकत नाही ना?
— एक प्राध्यापक

उत्तर: आहे. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली अंदाजे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. तुमच्या फाइलीत गावाचं नाव आणि व्यवसायही असेल. ‘दाई’ लिहिलं आणि गावात दाई एकच असली, तर नाव काढून काय उपयोग? जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, गावाऐवजी मोठा प्रदेश द्या, विरळा व्यवसाय एकत्र करा. आणि संमतीपत्रात ‘ही माहिती इतर संशोधकांना दिली जाईल’ असं वाक्य होतं का, ते आधी पाहा. नसेल तर बाकीची चर्चाच नको.

प्रश्न: ऑनलाइन प्रशिक्षण चालेल का?
— दोन-तीन वाचक

उत्तर: सॉफ्टवेअर, वेट्स, कोडबुक यांसाठी उत्तम चालतं, उलट रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा बघता येतं. मुलाखत घेण्याचं मात्र समोरासमोरच शिका. समोरचा गप्प झाला की अन्वेषक घाईने स्वतःच पर्याय सुचवतो, ती सवय शेजारी बसलेल्या प्रशिक्षकालाच दिसते आणि तिथल्या तिथे मोडता येते. पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारून घ्या, तुमच्या सरावाच्या मुलाखती कोण ऐकणार आहे.