कमोडची सीट : घेताना काय पाहायचं, बसवताना काय चुकतं

प्रश्न : आमच्या कमोडची सीट दोन वर्षांत दोनदा तुटली. दोन्ही वेळा तडा मागे, बिजागरीपाशीच गेला. आता जाड आणि महाग सीट घ्यावी म्हणतो. कोणती टिकेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोनदा एकाच जागी तडा गेला, म्हणजे दोष जाडीपेक्षा सीटच्या हलण्यात असण्याची शक्यता जास्त. सीटच्या खाली रबरी बुश असतात, बहुधा चार. बसणाऱ्याचं वजन या बुशांवरून थेट चिनीमातीच्या काठावर उतरायला हवं. बिजागरीने सीट फक्त जागेवर धरायची असते. एखादा बुश गळून पडला किंवा सीट काठापेक्षा मोठी असली, की तो भार बिजागरी उचलते. शिवाय आपल्याकडे पाण्याचा वापर. जेट घेताना माणूस एका बाजूला कलतो, सीट केसभर सरकते, बोल्ट ढिला होत जातो आणि बिजागरीचा कान रोज थोडा पिरगळतो. मग जाड सीटही तिथेच फुटते.

म्हणून आधी माप घ्या. जुनी सीट काढा, कमोडवर वर्तमानपत्र पसरा, काठाच्या बाहेरून पेन्सिल फिरवा आणि मागची दोन भोकंही कागदावर टोचून घ्या. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर (बहुतेक कमोडवर १४० ते १६० मिमी), भोकांच्या रेषेपासून पुढच्या काठापर्यंतची लांबी आणि सर्वांत रुंद ठिकाणची रुंदी त्याच कागदावर लिहा. भोकांपासून मागच्या टाकीपर्यंतचं अंतरही मोजा. ते कमी पडलं तर उघडलेलं झाकण नीट टेकून उभं राहत नाही, मधेच खाली येतं. कागद कापून दुकानात न्या आणि सीटवर ठेवून पाहा. चार-पाच मिलिमीटरचा फरक चालेल. सेंटिमीटरभर बाहेर जाणारी सीट मात्र घेऊ नका, डब्यावर ‘युनिव्हर्सल’ छापलेलं असलं तरी.

आता माल. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. युरिया फॉर्मल्डिहाइडची, म्हणजे यूएफ सीट वजनदार आणि कडक असते, तिच्यावर ओरखडे सहसा उठत नाहीत आणि नखाने टिचकी मारली तर चिनीमातीसारखा टणक आवाज येतो. पण ती ठिसूळ असते, फरशीवर पडली तर टवका उडतो. पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपी सीट हलकी आणि लवचीक. आदळआपट सोसते, पण लवकर ओरखडते. पीपी घेताना ती उलटी करून बघा. खालून पोकळ आणि नुसत्या पट्ट्यांची असेल तर वाकते आणि त्या खाचांत घाण साचते. माप बरोबर जुळत असेल तर आम्ही यूएफ सुचवू. घरात लहान मुलं झाकण आपटत असतील तर जाड पीपी. लाकडी भुशाच्या बोर्डावर रंग दिलेली सीट आपल्या ओल्या संडासात नकोच. रंगाला बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बोर्ड फुगतो. भारतीय मानक आयएस २५४८ चा पहिला भाग यूएफसारख्या थर्मोसेट सीटसाठी आणि दुसरा पीपीसारख्या थर्मोप्लास्टिक सीटसाठी आहे. डब्यावर हा क्रमांक शोधा.

बसवताना नट आणि चिनीमाती यांच्यामध्ये रबरी वॉशर हवाच. नट हाताने घट्ट करा आणि मग पाव फेरा, बस्स. पान्ह्याने आवळत बसलात तर कमोडलाच तडा जाईल. शेवटी प्रत्येक बुशाखाली कागदाची पट्टी सरकवा आणि सीट हाताने दाबून धरा. पट्टी सहज निघून आली तर तो बुश टेकतच नाही. आठवड्याने नट पुन्हा तपासा. आणि माळ्यावरचं काही काढायला झाकणावर कुणी चढू नये, झाकण त्यासाठी केलेलं नसतं.

प्रश्न : समुद्राजवळ राहतो. ‘स्टेनलेस’ म्हणून घेतलेले बोल्ट गंजून जाम झाले आहेत, सीट निघत नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खाऱ्या हवेइतकाच दोष ॲसिडचाही असू शकतो. संडास धुण्याच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते टाकून झाकण बंद केलं की वाफ बिजागरीपाशी कोंडते आणि चांगल्या ३०४ प्रतीच्या स्टीललाही डाग धरतात. द्रावण भांड्यात असेपर्यंत सीट आणि झाकण दोन्ही उभी ठेवा.

बोल्ट काढण्यासाठी गंज सोडवणारं तेल वरून आणि खालून सोडा आणि रात्रभर राहू द्या. तरीही नट फिरला नाही तर हातोडी मारू नका. हॅक्सॉचं नुसतं पातं घ्या, एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ करा. चिनीमातीवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, भांड्यात जुनं फडकं कोंबा म्हणजे तुकडा आत पडणार नाही, आणि बिजागरीची बैठक व चिनीमाती यांच्यामधून बोल्ट कापा. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

नवे बोल्ट घेताना लोहचुंबक बरोबर न्या. तो घट्ट चिकटला तर ते ३०४ नव्हे. तुमच्याकडे नायलॉनचे बोल्टही चालतील. गंजत नाहीत, पण ढिले पडतात, म्हणून महिन्यातून एकदा आवळायचे.

प्रश्न : सॉफ्ट क्लोज झाकण आता धाडकन पडतं. दुरुस्त होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बिजागरीतला डॅम्पर, म्हणजे झाकण सावकाश खाली आणणारा भाग, गेला आहे. त्यात घट्ट तेल किंवा ग्रीस असतं. झाकण हाताने जोर लावून खाली दाबलं की आतली पाती तुटते. डॅम्पर उघडून दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. सीट आणि झाकण यांचे डॅम्पर वेगळे असतात, म्हणून जुना काढून दुकानात दाखवा. नवी सीट घेताना बिजागरी सुटी मिळते का हे आधीच विचारा. मिळत नसेल तर पुढच्या वेळी अख्खी सीट टाकावी लागेल.

प्रश्न : पांढरी सीट पिवळी पडली आहे. (एक वाचक, लातूर)

उत्तर : बोअरच्या पाण्याचे क्षार असतील तर निघतील. कपभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, फडकं भिजवून दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. एवढ्याने काहीच फरक पडला नाही तर बहुधा प्लास्टिकच जुनं झालं आहे, घासून उपयोग नाही. तारेची घासणी नको. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात, कमोडवरून उठवत नाही. उंच सीट घ्यावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घ्या, पण अंदाजाने नको. आईंना खुर्चीत बसवून गुडघ्याच्या मागच्या वळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. मग कमोडची सीटसह उंची मोजा. साधा कमोड साधारण ४० सेंमी असतो. उंच सीट दोन आणि चार इंचांच्या मिळतात. बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. अधांतरी राहिली तर उठताना तोल जातो. काठाला क्लॅम्पने आवळणारी, शक्यतो दोन्ही बाजूंना हात असलेली सीट घ्या, नुसती वर ठेवायची नको. क्लॅम्प चिनीमातीवरच बसणार असेल तर जुनी सीट काढून टाका. शेजारच्या भिंतीत पकडायचा दांडाही बसवा, प्लग आणि स्क्रूने. रबरी चकती चिकटवलेला दांडा ओल्या टाइलवर ऐन वेळी सुटतो. आईंनी वापरण्याआधी तुम्ही स्वतः त्याला लटकून जोर देऊन पाहा.