देव मानत नाही, मग गणपतीची वर्गणी, ऑफिसातली पूजा, यात्रा यावर आपण बोलावं का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत सोसायटीत राहता, देव मानत नाही, मंडळवाले वर्गणीला येतात, ऑफिसात श्रावणात सत्यनारायण असतो, मुलीला शाळेत रोज आरतीला हात जोडायला लावतात, तर यावर बोलावं की गप्प बसावं. आणि मित्र म्हणतो की तुम्हा नास्तिकांना रस्त्यावरचा सगळा धर्मच पुसून टाकायचाय. मी साताऱ्याची, अकाउंटची कामं करते, देव सुटून वीसेक वर्षं झाली. माझ्यापुरतं सांगते.

रस्त्यावरच्या धर्माचा मला काही त्रास नाही. माझी आई माळकरी आहे. माऊलींची पालखी नीरा नदी ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात येते, पादुकांना स्नान होतं आणि मुक्काम लोणंदला पडतो, त्या दिवशी आम्ही दोघी मावशीकडे लोणंदला असतो. आई दर्शनाच्या रांगेत आणि मी मावशीच्या अंगणात भाकरी वाढायला. मागे एकदा परभणीकडची एक आजी ओट्यावर टेकली, टाचांच्या भेगांत चिखल भरलेला, मी गरम पाण्याची बादली आणि मीठ दिलं तर पाय बुडवून डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "माऊलीच भेटली गं बाई." मी मानत नाही वगैरे मी तिला कशाला सांगू? ती स्वतःच्या पायानं चालतीये, कुणाला ओढून नेत नाहीये.

आता दुसरं. दोन वर्षांपूर्वी वारस नोंदीच्या कामासाठी एका सरकारी ऑफिसात गेले होते, श्रावणातला दिवस, आत सत्यनारायण मांडलेला, केळीचे खांब टेबलांना बांधलेले आणि सगळ्या खिडक्या बंद. माझ्या पुढं खटाव तालुक्यातले एक म्हातारे आजोबा होते, गळ्यात तुळशीची माळ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा "पूजा झाल्यावर या" असंच उत्तर. ते मला म्हणाले, "दोनची एस्टी हाय ताई, ती चुकली की मग थेट सहाला." कथा संपायला पावणेदोन झाले, मग आरती, मग प्रसाद. त्यांनी द्रोणातला शिरा कपाळाला लावला आणि खाल्ला, आणि मग कळलं की सही करणारे साहेब जेवायला गेलेत. ते आजोबा माझ्यापेक्षा शंभर पट भाविक होते आणि त्या पूजेनं दिवस वाया गेला तो त्यांचाच. घरी आल्यावर मला रात्रभर झोप आली नाही, कारण मी तिथं एक शब्दही बोलले नव्हते. लोक काय म्हणतील, ही धर्म बुडवायला निघालीये असं म्हणतील, म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणूस आपल्या घरात, देवळात, दिंडीत काय करतो तो त्याचा प्रश्न, पण जिथं सरकारची खुर्ची आहे, जिथं जायला लोकांना दुसरा पर्याय नाही, तिथं देव मध्ये आणायचा नाही, कुणाचाच नाही. राज्यघटनेचं कलम 25 प्रत्येकाला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, त्यात न मानणाराही आला. मुंबई हायकोर्टानं 2014 मध्ये स्पष्ट सांगितलंय की सरकारला कुणावरही धर्म जाहीर करायची सक्ती करता येत नाही, मला कुठलाच धर्म नाही असं माणूस म्हणू शकतो.

आणि बोलायला का पाहिजे ते आम्हा सातारा जिल्ह्यातल्यांना मांढरदेवनं शिकवलंय. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा, वाई तालुक्यातला काळूबाईचा डोंगर. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, दोन्ही बाजूला दुकानं, चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या गल्लीतली एक बाई तिथं होती, ती वाचली, पण तिची जाऊ नाही वाचली. दहाव्याला लोक तिला समजावत होते की देवीच्या दारात मरण आलं, भाग्य म्हणायचं, आणि दुसरे हळूच म्हणत होते की काहीतरी चुकलं असेल, आई कोपली. ती काहीच बोलत नव्हती, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तेव्हा अजून अर्धी मानणारी होते आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं की कोप म्हटलं की झालं, मग पायऱ्या इतक्या अरुंद का, दुकानांना तिथं कुणी बसू दिलं, लाखो माणसं येणार हे दर वर्षीचं असून उतरायला वेगळी वाट का नव्हती, हे कुणी विचारतच नाही. पुढं न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला तेव्हा हेच प्रश्न निघाले. हे प्रश्न नास्तिकानंच विचारावेत असं काही नाही, पण निदान त्यानं तरी ते विचारावेत. यात्रेला जाणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून बोलणं म्हणजे यात्रेला विरोध कसा होतो हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचेच. देव, धर्माविरुद्ध कायदा आणतोय म्हणून त्यांच्यावर वर्षानुवर्षं आरोप झाले, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो जादूटोणाविरोधी कायदा एकदा स्वतः वाचा, मित्रालाही वाचायला द्या. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा याला हा कायदा लागू नाही असं त्यातच लिहिलंय. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, करणी केली म्हणून एखाद्या बाईला छळणं, नरबळी, असल्या गोष्टींना तो आहे. माझ्या आईनं तो वाचला आणि म्हणाली यात वाईट काय आहे.

आता तुमचं. वर्गणी द्यायची की नाही हे तुमच्या मनावर आहे, सक्ती कुणी करू शकत नाही आणि नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ती विचारायला लाजू नका, पावतीही घ्या. मी स्वतः देते, आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं त्यासाठी असं सांगून देते. स्पीकरचं म्हणाल तर रात्री दहा ते सकाळी सहा बंद हा नियम 2000 सालापासून आहे, काही ठराविक दिवसांची सूट सोडली तर डीजे, अजान, भजन, लग्नाची वरात सगळ्यांना तोच, आणि तक्रार करायची तर सगळ्यांची सारखीच करा. एकाच धर्माच्या आवाजाचा त्रास होणारे मी बरेच बघितलेत, त्यांच्यात जाऊन बसू नका. तुमच्याच वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, कुठल्याही कायद्यानं सांगितलेलं नाही, लोकांनी आपापसात ठरवलंय, हेही लक्षात असू द्या.

शाळेचं मात्र सोडू नका. पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, कलम 28 आहे. पण भांडायला जाऊ नका. मुख्याध्यापकांना एकटं भेटा, शांतपणे सांगा की ती उभी राहील, गडबड करणार नाही, फक्त हात जोडायची सक्ती नको. आणि आधी मुलीला विचारा तिला काय हवंय, कारण कदाचित तिला आरती आवडत असेल. माझ्या मुलाला आवडायची, तो टाळ वाजवायचा, मी वाजवू दिला.

ऑफिसातल्या पूजेला मी आता एवढंच करते, जिथं असेन तिथं खिडकीपाशी जाऊन मोठ्यानं विचारते, "एक खिडकी चालू ठेवता का, लांबून माणसं आलीत." दोनदा ठेवली. एकदा नाही ठेवली.