वाचकांचे प्रश्न : चूक कुणाची, भरपाई कुणाकडून?

डॉक्टर, इंजिनिअर आणि वकील यांच्या कामातल्या हलगर्जीबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतली चार पत्रे या वेळी घेतली आहेत.

वडिलांचे पित्ताशय मुलुंडच्या एका रुग्णालयात दुर्बिणीतून काढले. तिसऱ्या दिवशी घरी सोडले, पाचव्या दिवशी ताप आणि कावीळ. फोन केला तर "गॅस झाला असेल" म्हणाले. दुसऱ्या रुग्णालयात कळले की पित्तनलिकेला इजा झाली आहे. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया झाली. पहिले बिल साडेतीन लाखांचे, बहुतेक मेडिक्लेममधून गेले. हा निष्काळजीपणा धरला जाईल का? पोलिसांत जावे का?
– वाचक, नौपाडा, ठाणे

नलिकेला इजा झाली, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. या शस्त्रक्रियेतला हा माहीत असलेला धोका आहे आणि अनुभवी हातांतही तो उद्भवतो. त्याच शाखेतला साधारण कसबाचा, सावध डॉक्टर त्या परिस्थितीत असे वागला असता का, असे कायदा विचारतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्यामुळे तीन जागा तपासाव्या लागतील. संमतीपत्रात या इजेचा आणि गरज पडल्यास पोट उघडावे लागेल याचा उल्लेख होता का? ऑपरेशन नोटमध्ये कापण्याआधी नलिका आणि रक्तवाहिनी नीट ओळखल्याचे लिहिले आहे का? आणि ताप-कावीळ कळवल्यावर तपासणीला का बोलावले नाही? आमच्या मते तुमची बाजू या तिसऱ्या जागी सर्वांत भक्कम आहे. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी कावीळ दिसली तर सोनोग्राफी आणि बिलिरुबिनची (काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची) तपासणी व्हायलाच हवी. मूळ इजेपेक्षा ती ओळखायला झालेला उशीर सिद्ध करणे सोपे असते. त्यासाठी फोन कोणत्या तारखेला, किती वाजता केला याची कॉल नोंद आजच जपून ठेवा.

मग कागदपत्रे. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज करा, त्यात आयपीडी क्रमांक (भरती रुग्णाचा क्रमांक) घाला, आणि पुढील गोष्टी नावानिशी मागा : संपूर्ण इनडोअर केस पेपर, ऑपरेशन नोट, भूल नोंद, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र, प्रयोगशाळेचे अहवाल, आणि दुर्बिणीचे चित्रीकरण केले असेल तर तेही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात. दुसऱ्या रुग्णालयाची ऑपरेशन नोटही तितकीच मोलाची आहे, कारण नलिका कुठे आणि कशी कापली गेली हे त्या सर्जननेच पाहिलेले असते.

बिल मेडिक्लेमने भरले म्हणून तुम्ही ग्राहक ठरत नाही, असे कुणी सांगितले तर ते चूक आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले, तेव्हाच विमा कंपनीने भरलेले पैसेही मोबदल्यात धरले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कुठल्या ग्राहक आयोगाकडे जायचे हे मोजलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंतचा मोबदला असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत तक्रारीचे शुल्कही नाही. रुग्णालय मुलुंडला असले तरी तुम्ही ठाण्यात राहता, म्हणून ठाणे जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. तक्रारीत रुग्णालयाला पक्षकार करा. नेमक्या कुठल्या डॉक्टरने चूक केली हे रुग्णाला माहीत असण्याची सक्ती नाही, असे २००४ च्या निकालात म्हटले आहे.

मुदत दोन वर्षांची. ती कधीपासून मोजायची यावर अनेक खऱ्या तक्रारी बुडतात. एका प्रकरणात १९९३ च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज २००२ मध्ये सापडला आणि तक्रार २००४ मध्ये झाली. पोट इतकी वर्षे सतत दुखत असताना डॉक्टरांना दाखवले का नाही, असे विचारून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. तुम्ही सावधपणे पहिल्या शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच दोन वर्षे मोजा.

पोलिसांबद्दल : डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला साधी चूक पुरत नाही, ढोबळ आणि उघड बेपर्वाई लागते. २००५ च्या निकालानंतर तपास अधिकाऱ्याला कारवाईआधी स्वतंत्र डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे, मत घ्यावे लागते. शिवाय त्या मार्गाने हाती भरपाई पडत नाही. आधी कागद गोळा करा.

ऐरोलीत माझे दहा खाटांचे प्रसूतिगृह आहे. २०१८ पासून एक कोटीचा व्यावसायिक दायित्व विमा आहे. प्रीमियम कमी म्हणून १ एप्रिल २०२५ पासून कंपनी बदलली. नोव्हेंबर २०२४ मधल्या एका प्रसूतीबद्दल आता वकिलाची नोटीस आली आहे. कोणती कंपनी पैसे देईल?
– वाचक, ऐरोली

मोटार विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे पाहतात. तुमच्या विम्यात, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल रुग्णाला द्यावी लागणारी भरपाई भरणाऱ्या विम्यात, सहसा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीची पॉलिसी लागू होते, पण घटना पॉलिसीवर छापलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते; त्या तारखेआधीच्या घटना पॉलिसी धरत नाही. तेव्हा नव्या पॉलिसीचे शेड्यूल (तपशिलाचे पान) उघडा आणि ती तारीख पाहा. तिथे २०१८ ची तारीख असेल तर नवी कंपनी बांधील आहे. १ एप्रिल २०२५ छापली असेल तर नवी कंपनी 'घटना आधीची' म्हणेल आणि जुनी 'दावा नंतरचा' म्हणेल. स्वस्त प्रीमियमच्या मागे अनेकदा हीच कात्री असते, आणि एजंट ती सांगत नाही याचा आम्हाला राग येतो. तसे असेल तर जुन्या पॉलिसीत मुदतीनंतर दावा कळवण्यासाठी वाढीव काळ दिला आहे का, ते पाहा. त्या रुग्णाच्या नातेवाइकांनी १ एप्रिल २०२५ पूर्वी कागद मागितले किंवा धमकी दिली होती आणि तुम्ही तेव्हाच जुन्या कंपनीला लेखी कळवले होते, तर ती सूचना तुम्हाला तारू शकते. काहीही असो, आज दोन्ही कंपन्यांना नोटिशीची प्रत ईमेलने पाठवा.

एक कोटी हा आकडाही नीट वाचा. वर्षाची एकूण मर्यादा एक कोटी आणि एका घटनेच्या व वर्षाच्या मर्यादेचे प्रमाण १:४ असेल, तर एका घटनेला २५ लाखच मिळतात. वकिलाचा खर्च बहुतेक पॉलिसींत त्याच मर्यादेतून जातो, आणि सुरुवातीची ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून. शिवाय पॉलिसी तुमच्या एकट्याच्या नावे असेल तर परिचारिका, आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ त्यात येत नाहीत. प्रसूतिगृहाची वेगळी पॉलिसी लागते, आणि कर्मचारी पात्र व नोंदणीकृत नसतील तर तीही अडते.

नोटिशीला स्वतः उत्तर देऊ नका. "चूक झाली, बिल परत करतो" असे व्हॉट्सअॅपवरही लिहू नका, कारण कंपनीच्या संमतीविना कबुली किंवा तडजोड केली तर दावा नाकारला जाऊ शकतो. नातेवाइकांशी माणुसकीने बोलायला, काय घडले ते समजावून सांगायला मात्र कुणाची हरकत नसते, आणि ते अवश्य करा. केस पेपरमध्ये आता एक अक्षरही घालू नका. मागाहून घातलेली ओळ शाईवरून आणि जागेवरून ओळखू येते, आणि मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

वकिलाची नोटीस आणि आयोगाची नोटीस यांतला फरकही लक्षात ठेवा. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाल्यावर लेखी म्हणणे ३० दिवसांत द्यायचे असते आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले. विमा कंपनी वकील नेमायला तीन आठवडे लावते, म्हणून पाकीट हाती येईल त्याच दिवशी कळवायचे.

वाशीतल्या आमच्या सोसायटीचे २०२३ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट झाले. किरकोळ दुरुस्ती, म्हणजे सी-३, असा अहवाल आला. यंदा जिन्याच्या स्लॅबचा तुकडा पडला. ऑडिटरला जबाबदार धरता येईल?
– सोसायटीचे सचिव, वाशी

वर्कऑर्डरमध्ये काय काम दिले होते, तिथून सुरुवात करा. फक्त डोळ्यांनी पाहणी करायला सांगितले असेल, तर आतले गज गंजले हे न दिसल्याचा दोष त्यांच्यावर टाकणे कठीण. चाचण्या केल्या असतील तर परिशिष्टातले आकडे निष्कर्षाशी ताडून पाहा. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी, गजांचा गंज तपासणारे हाफ-सेल वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे, किंवा काँक्रीटमधून कापून काढलेल्या तीन कोअर नमुन्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांखाली, असे असूनही सी-३ लिहिले असेल तर तुमची केस उभी राहते. जिन्याच्या स्लॅबवर चाचणीच घेतली नसेल आणि तसे अहवालात सांगितले नसेल, तरीही. पडलेल्या भागाचे फोटो काढा, तुकडे राखून ठेवा, आणि दुरुस्तीआधी दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी मत घ्या.

पण अहवालात "गळती थांबवा, जिन्याचे पॅचवर्क सहा महिन्यांत करा" असे असेल आणि ते सर्वसाधारण सभेत अडकून पडले असेल, तर नुकसानाचा धागा ऑडिटरपर्यंत पोचत नाही.

सहकारी संस्था ग्राहक म्हणून तक्रार करू शकते. तुमच्या दोन वर्षांचा हिशेब अहवालाच्या तारखेपासून धरला तर मुदत सरली असेल; दोष स्लॅब पडल्यावरच कळला हे मांडावे लागेल आणि जोडीला विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागेल. पुढच्या वेळी नेमणुकीआधी ऑडिटरच्या दायित्व विम्याची प्रत मागा. त्यावर पूर्वलक्षी तारीख आणि एका घटनेची मर्यादा पाहा. करारात मोठा दंड लिहून घेतला म्हणजे विमा तो भरेल असे नाही. करारातून ओढवून घेतलेले जादा दायित्व या पॉलिसींतून बहुधा वगळलेले असते.

वकिलाने अपिलाची मुदत चुकवली. ग्राहक आयोगात जाता येईल?
– वाचक, कळवा

नाही. वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी सांगितले. भरपाई दिवाणी दाव्यातूनच मिळेल, तीन वर्षांच्या आत. आणि तिथे अपिलात दम होता हेही तुम्हाला दाखवावे लागेल. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते, पण तिथून पैसे मिळत नाहीत. या सगळ्याआधी दुसरा वकील नेमून विलंबमाफीच्या अर्जासह अपील याच आठवड्यात दाखल करा, कारण चुकलेला प्रत्येक पुढचा दिवस तुमच्या नावावर मोजला जाईल. पहिल्या वकिलाने फी बाकी आहे म्हणून फाइल अडवली तर ती तशी अडवता येत नाही. लेखी मागा आणि पोच घ्या.